हॅमट्रॅमॅकला अर्धा दिवस तरी द्या

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरावरचा एक छान लेख वाचला, पण त्यात हॅमट्रॅमॅक एका ओळीत उरकलंय, याची रुखरुख लागली. जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटनं वेढलेलं हे चिमुकलं स्वतंत्र शहर! 1910 मध्ये डॉज बंधूंनी इथे मोटारींचा कारखाना काढला आणि पोलिश कामगारांच्या कुटुंबांनी गाव भरून गेलं. 1980 साली कारखाना बंद पडला, पण या पोलिश लोकांचं सेंट फ्लोरियन चर्च आजही बैठ्या घरांच्या वर दिमाखात उभं आहे. ते आत जाऊन बघाच. आता कोनंट रस्त्यावर बांगलादेशी दुकानं आहेत, येमेनी कुटुंबंही पुष्कळ. शक्य असेल तर लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीच्या मंगळवारी जा. पॉन्च्की नावाच्या, आत मुरंबा भरलेल्या तळलेल्या गोळ्यांसाठी बेकऱ्यांसमोर पहाटेपासून रांगा लागतात.