प्रथम धाकट्याला गुंतवून घ्यावे

थोरलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंत? छान. आता नातेवाईक तीन प्रश्न विचारतील: हे कायद्यात बसतं का, दहावीचं काय, आणि तिला मैत्रिणी कुठून मिळणार. डगमगू नका. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि घरी शिकवण्याचं त्यात नावही नाही. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून बसता येतं. मैत्रिणी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये असतातच. खरा प्रश्न कुणीच विचारत नाही. थोरली शिकत असताना धाकटा काय करेल?

आमचा धाकटा पावणेदोन वर्षांचा आहे. म्हणजे तो कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तर सुरुवात धान्यापासून करा. तारा‌बाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांना फाटा देऊन खडे, बिया, शिंपले वापरले, हे तुम्ही वाचलेलं असेलच. नसेल तर वाचू नका. वाचलं की करून बघावंसं वाटतं. मी दोन वाट्या घेतल्या, एकीत राजमा, एकीत छोले, आणि ‘बाळा, वेगळं वेगळं कर हं’ असं गोड आवाजात सांगितलं. बोर्डीला अंगण होतं. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा हॉल आहे आणि सोफ्याखाली माझा हात पोचत नाही. राजमा नाकपुडीत मावतो, हे ज्ञान त्या सकाळी पहिल्या पाच मिनिटांत पदरी पडलं. थोरलीचं गणित राहिलं, पण डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून तिने श्वसनसंस्थेची आकृती पूर्ण पाहून घेतली. तेव्हा कडधान्य द्यायचंच असेल तर शास्त्राच्या तासाला द्या.

धान्य जमलं नाही तर कणकेचा गोळा. हा उपाय सगळ्या आया सांगतात, त्यामुळे त्यात काहीतरी खोट असणार हे ओळखायला हवं होतं. गोळा हातात घेतल्यावर धाकटा दोन मिनिटं तो थापतो, तिसऱ्या मिनिटाला खातो आणि चौथ्याला उरलेला गोळा थोरलीच्या वहीला चिकटवतो. आमच्या भूगोलाच्या वहीत सह्याद्री आता खरोखरच उंचावलेला आहे.

मोबाइल मात्र अजिबात द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वर्षाच्या मुलाला पडदा नको आणि दोन वर्षांच्याला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी झाला तर बरा. धाकट्याला दोन पूर्ण व्हायला अजून तीन महिने आहेत. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय. घरात दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाची मी इतकी वाट पाहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष धड्याकडे वळू. अपूर्णांक. पुस्तकातली केकची चित्रं बाजूला ठेवा, गरम पोळी घ्या. मी पोळीचे चार सारखे तुकडे केले, ताटात नीट मांडले आणि विचारलं, ‘हा एक तुकडा म्हणजे पोळीचा कितवा भाग?’ थोरली ‘एक चतुर्थांश’ म्हणेपर्यंत तो चतुर्थांश टेबलाखाली गेला होता. मी हार मानली नाही. ‘आता किती उरली?’ ‘तीन चतुर्थांश,’ ती म्हणाली. तेवढ्यात टेबलाखालून एक हात आला आणि चघळलेला तुकडा त्याने परत ताटात ठेवला. थोरलीने बराच वेळ ताटाकडे पाहिलं. ‘आई, आता परत एक म्हणायचं का? एक ओला आहे.’

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी ‘चहा पिऊन सांगते’ म्हटलं.

अशा वेळी सासूबाईंचा फोन हमखास येतो. तो स्पीकरवर घ्या. ‘आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा तोंडपाठ असायची, पोळ्या कशाला फाडायला लागायच्या!’ असं म्हणून त्या अपूर्णांकांचे ते जुने पाढे लगेच सुरूच करतात. करू द्या. सासूबाईंची पावकी पहिल्या ओळीपासून सुरू झाली की धाकटा जागच्या जागी डुलायला लागतो. हे मी आजवर वापरलेलं सगळ्यात गुणकारी साधन आहे आणि त्याला सेलही लागत नाहीत. फक्त त्या मध्येच ‘बाळ जेवला का?’ विचारतात तेवढी लय मोडते. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘बावीस’चं ‘वीस दोन’ झालं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एका घरात एका वेळी एकच वाद असावा.)

धाकट्याला स्वतःची वही-पेन्सिल देण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. नवी वही, नवी पेन्सिल, वर वाघाचं चित्र. तो वाघाकडे पाहणारही नाही. त्याला थोरलीची पेन्सिल हवी असते, आणि तीसुद्धा ती लिहीत असताना. थोरलीला वाघाची वही देऊन बघा, लगेच त्याला तीच हवी होते. मी चार दिवस वह्यांची अदलाबदल करत होते. पाचव्या दिवशी थोरली शांतपणे म्हणाली, ‘आई, तू मला नको ते पुस्तक दे, मग त्याला ते हवं होईल आणि मी हवं ते वाचेन.’ वय वर्षे नऊ. तर्कशास्त्र मी शिकवलेलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे जुनी टेलिफोन डिरेक्टरी आहे. थोरली ती तन्मयतेने वाचण्याचं नाटक करते, धाकटा ती ओढून नेतो आणि आम्हाला सलग सात मिनिटं मिळतात. या सात मिनिटांत भागाकाराची दोन उदाहरणं होतात, शेष नसेल तर तीन.

शेवटची सूचना महत्त्वाची आहे. कधीतरी सात मिनिटं उलटतील, आठ होतील, दहा होतील. डिरेक्टरीची पानं फाटण्याचा आवाज थांबलेला असेल. स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण सरकल्याचा बारीकसा आवाज येईल आणि मग काहीच नाही. थोरली मान वर करून तुमच्याकडे बघेल. उठू नका. नव्वद भागिले सहा करून घ्या. साबुदाणा काय, तसाही आता जमिनीवरच असणार.