नीलम संजीव रेड्डींनी काँग्रेस सोडली ती कशासाठी?

साताऱ्यात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्यानुसार नीलम संजीव रेड्डी सर्वाधिक काळ लोकसभाध्यक्ष होते, खुर्चीसाठी त्यांनी काँग्रेस सोडून जनता पक्ष गाठला, आजच्या पक्षांतरबंदी कायद्याने ते अपात्र ठरले असते, आणि ज्या यशवंतराव चव्हाणांनी त्यांना पाठबळ दिले त्यांनाच त्यांनी दगा दिला.

रेड्डींच्या अध्यक्षपदाच्या दोन्ही कारकिर्दी (१९६७ ते १९६९ आणि १९७७) मिळून पावणेतीन वर्षेही भरत नाहीत. सर्वाधिक काळ अध्यक्ष राहिले ते बलराम जाखड, १९८० ते १९८९.

पक्ष सोडण्याचा आरोप मात्र घटनाक्रमच उलटा करतो. १७ मार्च १९६७ रोजी रेड्डी अध्यक्ष झाले आणि त्यानंतर, अध्यक्षाने कोणत्याही पक्षाचे असू नये म्हणून, त्यांनी काँग्रेसचे ३४ वर्षांचे सभासदत्व सोडले. म्हणजे राजीनामा देताना खुर्ची हातात होतीच. जनता पक्षात ते आले १९७७ मध्ये, १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील पराभवानंतर अनंतपूरला शेती करण्यात काही वर्षे घालवून; आणि त्या निवडणुकीत आंध्रातील ४२ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या, उरलेली एक, नंद्यालची, रेड्डींची होती. लाभासाठी पक्ष निवडणारा माणूस आंध्रात तेव्हा काँग्रेसकडेच गेला असता.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. अध्यक्षपदी निवड झाल्यामुळे पक्ष सोडणाऱ्यास त्याच कायद्याने संरक्षण दिले आहे. रेड्डींनी हे केले ते १८ वर्षे आधी, कोणतेही बंधन नसताना.

त्यांच्यावर खरा आक्षेप घ्यायचा तर तो १९६९ चा घ्यावा. पक्षापासून अलिप्त झालेल्या अध्यक्षाने १९ जुलै रोजी पद सोडून त्याच पक्षाची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी स्वीकारावी, हे मला आजही पटत नाही. काँग्रेसचा उमेदवार ठरवणाऱ्या बंगळूरच्या बैठकीत त्यांच्या बाजूने मत देणाऱ्यांत यशवंतराव होते, परंतु इंदिरा गांधींनी पक्षाच्या उमेदवाराला बांधून न राहता सदसद्विवेकाने मत देण्याचे आवाहन केले आणि अपक्ष उमेदवार व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने विजयी झाले. यात दगा झालाच असेल, तर तो रेड्डींना झाला.

शिवाय २६ मार्च १९७७ रोजी रेड्डी पुन्हा अध्यक्ष झाले ते एकमताने, आणि त्या सभागृहात विरोधी पक्षनेते होते साताऱ्याचे खासदार यशवंतरावच. चार महिन्यांनी रेड्डी राष्ट्रपती झाले, तेव्हाही काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला नाही.