मोर आडवा आला तर हँडल वळवू नका

शिरूर, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात बाईकवर फिरणाऱ्यांसाठी लिहितोय. त्यातही पहाटे निघणारे दूधवाले, पेपरवाले आणि कंपनीच्या पहिल्या पाळीला जाणारी पोरं यांच्यासाठी. पोस्ट लांब झाली आहे, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्या गावचा एक दूधवाला मध्यंतरी ओढ्याच्या उतारावर पडला. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, नुकतं फटफटत होतं, आणि समोरून तित्तराची जोडी तुरुतुरु रस्ता ओलांडत होती. पक्षी चाकाखाली येऊ नयेत म्हणून त्यानं हँडल उजवीकडे ओढलं. कॅनचं वजन एकीकडे गेलं, गाडी आडवी झाली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. तित्तर भुर्रकन उडून बाभळीत गेले. भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता, "नशीब! नेमके तेव्हाच आडवे यायचे होते."

मला हे नशीब वगैरे अजिबात पटत नाही. तित्तराचं वजन असतं पाव किलोच्या आसपास, होल्याचं त्याच्याही निम्मं. एवढा पक्षी चालत्या गाडीला पाडत नाही. माणूस पडतो तो हँडलला दिलेल्या झटक्यानं आणि घाबरून दाबलेल्या पुढच्या ब्रेकनं. मागं बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली असेल, टाकीवर पोरगं असेल, तर त्या झटक्यात आधी तेच फेकले जातात. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं. पण गावात निम्म्याहून जास्त गाड्या शंभर-एकशेदहाच्या, त्याही जुन्या. खडीवर पुढचं चाक जाम झालं की सावरायला वेळच मिळत नाही.

मोराची गोष्ट वेगळी. पूर्ण वाढलेला नर चार ते सहा किलोचा भरतो. साधा हिशोब करून बघा. ताशी 60 च्या वेगानं तुम्ही एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाता. त्या वेगात चार किलोचा मोर छातीवर आदळला तर तो चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून अंगावर पडल्यासारखाच आहे. वेग 30 वर आणा, उंची साडेतीन मीटरवर येते. वेग निम्मा झाला की मार चौपटीनं कमी होतो. हे गणित शाळेत सगळ्यांनी केलंय, फक्त गाडीवर बसल्यावर आठवत नाही.

मोर उडतो कसा हे कधी नीट बघितलंय का? आधी तो पळतो. उडायची त्याची तयारी नसते. तुम्ही अगदी जवळ आलात की चार-पाच पावलं धावत पंख मारतो आणि जड अंगानं उचलला जातो. पावसाळ्यात वर दीड मीटरचा पिसारा मागं लोंबत असतो. रस्त्याच्या कडेला त्याची उंची बरोबर आपल्या छातीइतकी असते. रस्ता खोदून खाली घेतलेला असेल आणि बाजूला उंच बांध असेल, तर बांधावरून उतरणारा मोर थेट हेल्मेटच्या उंचीला येतो. आणि एक मोर गेला म्हणून रस्ता मोकळा झाला असं समजू नका. मागं लांडोरी असतात, त्यांच्या मागं पिल्लं असतात. पहिला गेल्यावर गिअर टाकून रेस करणारा माणूस दुसरीला धडकतो.

मोराची वेळही ठरलेली आहे. रात्री चिंचेवर, वडावर, लिंबावर बसायचं, उजाडताना खाली उतरून शेतात जायचं आणि मावळतीला परत यायचं. आपली दूध घालायची आणि पाळी बदलायची वेळ नेमकी तीच. मोराची चिंचोली तर आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. लोक लांबून मोर बघायला येतात आणि आपण त्याच्या येण्याजाण्याच्या वेळेला सत्तरनं गाडी मारतो.

पक्ष्यांना गाडी कशी दिसते यावर बाहेर चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेतला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात काऊबर्ड नावाच्या लहान पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या ट्रकची चित्रफीत वेगवेगळ्या वेगानं दाखवली. पक्षी वेग बघतच नव्हते, अंतर बघत होते. गाडी तीसेक मीटरवर आली की उडायचं, मग ती सावकाश असो की सुसाट. गाडी 120 च्या पुढे गेली की त्यांना वेळ पुरेना. काऊबर्ड हलका, चपळ पक्षी. आपल्या मोराला आणि भारद्वाजाला त्याच्याइतकं पटकन उचलता येत नाही. (भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. कोकणात तो एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात बरोबर हँडलच्या उंचीनं जातो, तेव्हा त्याचाही दिवस चांगला जाईल एवढं बघा.)

फ्रान्समधल्या 2013 च्या अभ्यासानं तर माझं मतच पक्कं केलं. तिथल्या पक्ष्यांनी रस्त्याची सवय ओळखली होती. जिथं वेगमर्यादा जास्त, तिथं ते गाडी लांब असतानाच उठायचे, आणि कमी मर्यादेच्या रस्त्यावर गाडी जवळ येईपर्यंत बसायचे. समोरची एखादी गाडी स्वतः किती वेगात आहे यानं त्यांना फरक पडत नव्हता. आता हे आपल्या शिवाररस्त्यावर लावून बघा. ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल, चाळीसनं जाणारी स्कूटी. इथला होला त्या चाळीसचा हिशोब धरून दाणे टिपत असेल, तर नव्वदनं येणारा त्याचा हिशोबच मोडतो. आणि मग म्हणायचं, पक्षी अचानक आला!

तो अचानक आलेला नसतो. त्याला रस्त्यावर बोलावणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपणच तिथं ठेवतो. सोयाबीन, बाजरी, तूर रस्त्यावर पसरायची, गाड्यांच्या चाकांनी मळणी करून घ्यायची आणि कडेनं दगड लावायचे. शेतकऱ्यांना मी बोल लावत नाही, मीही शेतकऱ्याचाच आहे. खळी गेली, मजूर मिळत नाही, आभाळ कधीही भरून येतं. पण धान्य उचललं की रस्ता झाडून घ्या आणि दगड त्याच संध्याकाळी उचला. मागं राहिलेल्या दाण्यांवर होले-चिमण्या पुढं कित्येक दिवस उतरतात, आणि दगड अंधारात माणसाचा जीव घेतो. ग्रामपंचायतीनं गावाबाहेर एक सिमेंटचं सामायिक खळं बांधावं. सभामंडपाला पैसे मिळतात तर याला का मिळू नयेत?

दुसरं मेलेल्या जनावरांचं. रात्री गाडीखाली गेलेलं कुत्रं किंवा घोरपड तशीच पडून राहते. सकाळी त्यावर कावळे आणि घारी येतात. खाण्यात गुंतलेली घार शेवटच्या क्षणी उठते आणि वारा आपल्या मागून असेल तर आपल्याच दिशेनं उठते. दोन मिनिटं थांबा, मागचापुढचा रस्ता बघा आणि काठीनं ते कडेला, चरीच्या पलीकडे सारा.

रातवा या रात्री फिरणाऱ्या पक्ष्याला मात्र आपण बोलावत नाही. सूर्य गेल्यावरही तापलेल्या डांबरावर तो येऊन बसतो. माळावरच्या रस्त्यानं रात्री जाताना पुढं जमिनीलगत दोन लाल ठिपके चमकतात, ते त्याचे डोळे. बाकी पक्षी दिसतच नाही, वाळक्या पानासारखा रंग. चाक अगदी टेकायला आलं की आवाज न करता उठतो, पंखातले पांढरे ठिपके झळकतात आणि वीस पावलांवर पुन्हा रस्त्यातच बसतो. असे लाल डोळे दिसले की अप्पर बंद करून डिपर द्या, वेग उतरवा. दिवा खाली गेला की तो बाजूला होतो, हे मी खूप वेळा बघितलंय.

बाकी काय करायचं ते सांगतो. उजाडताना आणि मावळताना झाडीच्या, ओढ्याच्या, उसाच्या रस्त्यावर चाळीसच्या वर जाऊ नका, मोराच्या भागात तीसच. हेल्मेटची काच खाली ठेवा, डोळ्यात चिमणी काय नि भुंगा काय, सारखाच. हॉर्न लांबूनच द्या, जवळ जाऊन वाजवला की पक्षी बिथरून कुठंही उठतो. आणि पक्षी समोर आलाच तर हँडल सरळ धरा, दोन्ही ब्रेक एकत्र, दाबत दाबत लावा, मान खाली घ्या. पक्षी वाचवण्यासाठी जे करायचं ते आधी वेग कमी करून करायचं. तो चाकासमोर आल्यावर वळवलेलं हँडल ना त्याला उपयोगी पडतं ना तुम्हाला.

धडक बसलीच तर निघून जाऊ नका. बेशुद्ध पडलेला पक्षी कित्येकदा मेलेला नसतो. अंगावर रुमाल किंवा गमछा टाकून अलगद उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वन विभागाचा 1926 हा नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. मोर असेल तर नक्की कळवा. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला मोर घरी नेणं हा गुन्हा आहे, "गाडीखाली आला होता" हे सांगून सुटका होत नाही.

आपल्या भागात कुठल्या वळणावर, कुठल्या ओढ्याजवळ मोर रस्ता ओलांडतात ते कमेंटमध्ये लिहा. गावं आणि ठिकाणं गोळा झाली की यादी करून बांधकाम विभागाकडे तिथं पाट्या लावायचा अर्ज देतो. सह्या लागतील, तेव्हा हाक मारेन.