सोडावे, पण बघून

आषाढी एकादशी जवळ आली की घरोघरी विचारणा सुरू होते, 'यंदा चातुर्मासात काय सोडणार?' घाई करू नका. नवखी माणसं भक्तीच्या उमाळ्यात चहा सोडतात आणि तिसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून घरच्यांवर खेकसतात. अशाने पुण्य लागतं की नाही ठाऊक नाही, शेजाऱ्यांना करमणूक मात्र होते.

वस्तू निवडताना इतकंच बघा, की ती तशीही आपल्या ताटात येत नव्हती. वांगं उत्तम. परंपरेने ते चातुर्मासात वर्ज्यच, शिवाय आपल्याला आवडत नाही हे आईला चाळीस वर्षांत सांगता आलेलं नसतं. कांदा-लसूण सोडणार असाल तर आधी कांदेनवमी नीट साजरी करा. आषाढ शुद्ध नवमी ती. भजी, थालीपीठ, झुणका, कांद्याचं भरीत, सगळं एकाच दिवशी उरकायचं. एकादशीला दोन दिवस उरतात, ते पचवायला.

बेत फक्त श्रावणापुरताच असेल तर आदली अमावस्या आहेच. घरातल्या बायका त्या दिवशी दिवे घासून पुजतात आणि पुरुष गटारी म्हणतात. महिनाभराचा कोटा एका रात्रीत संपवला की दुसऱ्या दिवशी वैराग्य आपोआप येतं. मटण नुसतं बघवत नाही. यालाच संयम म्हणा.

आता उपवास. इथे शास्त्र पक्कं हवं. कांदा चालत नाही. तो चरकाच्या काळापासून आपल्याकडे आहे, म्हणजे सर्वांच्या चांगल्याच ओळखीचा. बटाटा चालतो, रताळं चालतं, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तोही चालतो. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात जहाजातून उतरलेले. ज्यांचं नावच ऋषींनी ऐकलं नव्हतं त्यांना मनाई करणार कोण? कोलंबस 1492 साली निघण्याआधी एकादशीला लोक काय खात असतील, असं पंगतीत विचारू नका. खिचडी गार होते, आणि वाढणारीचा हातही आखडतो. कोथिंबिरीचा मात्र निकाल लागलेला नाही. माहेरी चालते, सासरी चालत नाही, आणि दोन्हीकडे 'आमच्यात असंच' एवढाच पुरावा.

प्रकृतीसाठी सोडणाऱ्यांचा पंथ वेगळा, युक्त्या त्याच. साखर सोडलीत? छान. आता गुळाचा चहा दोन कप जास्त घ्या. गुळातही बहुतेक साखरच असते, पण तिचा रंग सात्त्विक. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर गुलाबी सैंधव आणा आणि सढळ हाताने घाला. रक्तदाबाला रंग कळत नाही, पाहुण्यांना कळतो. ज्यासाठी हे मीठ जगभर ओळखलं जातं ती खेवड्याची खाण पाकिस्तानात आहे, एवढं देशभक्त मेहुण्यासमोर बोलू नका.

आणि सोडलेल्याचा उच्चार व्हायलाच हवा. लग्नात ताट हातात घेतल्यावर, मागे रांग तुंबलेली असताना, वाढप्याला विचारा, 'यात लसूण आहे का हो?' तो आत विचारायला जाईल. जाऊ द्या. तोवर मागच्यांना कारण सांगायला वेळ मिळतो.

चार महिन्यांचाही नेम जड वाटत असेल तर थेट काशी गाठा. तिथे सोडलेली वस्तू जन्माची सुटते, दरवर्षी नवं ठरवायची कटकट नाही. आमच्या काकांनी तिथे गंगेत उभं राहून रामफळ सोडलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. काकू म्हणते, त्याआधीच्या तीस वर्षांत यांनी ते दोनदा खाल्लं असेल. पण उन्हाळ्याच्या तोंडाला मंडईत रामफळं दिसली की काका थबकतात, डोळे मिटून हात जोडतात आणि बरोबर असेल त्याला सगळी हकिकत सांगतात. बरोबर कोणी नसेल तर फळवाल्याला.