चौथं चाक घरीच

गाडीतून नको तो आवाज यायला लागला की मी गाण्यांचा आवाज वाढवतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग असंच दोन महिने नाट्यसंगीताखाली दडपलं होतं. शेवटी त्याचा घूंऽऽ गायकाच्या तानेवर चढायला लागला, तेव्हा नाइलाजाने मिस्त्रीकडे गेलो. त्याने बेअरिंग बदललं, गाडी गप्प झाली. परत येताना पहिल्याच चौकात डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले. एकात गोल आणि गोलात एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. दुसऱ्यात एक गाडी आणि तिच्यामागे वेड्यावाकड्या रेघा, पार्टी उरकून घरी निघाल्यासारख्या. हा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक जागच्या जागी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा.

मिस्त्रीला फोन केला. "साहेब, बेअरिंग म्हणजे लोखंड, लाईट म्हणजे करंट. संबंध काय?" मला पटलं. खर्च वाचवणारी गोष्ट मला लगेच पटते.

पण दिव्यांचा स्वभाव सरळ नव्हता. चावी फिरवली की बाकीच्यांबरोबर हेही लागायचे आणि तीन-चार सेकंदांत शहाण्यासारखे विझायचे. सोसायटीच्या फाटकाबाहेर पडून जरा वेग घेतला की पुन्हा हजर. त्यामुळे ज्याला ज्याला दिवे दाखवायला म्हणून पार्किंगमध्ये नेलं, त्याने "कुठायत?" असं विचारून माझ्याकडेच काळजीने पाहिलं.

शेजारच्या काकांनी न बघताच उंदीर सांगितला. पुण्यात गाडीला काहीही झालं तरी आधी उंदीर सांगायची पद्धत आहे. वायर कुरतडली असणार म्हणून त्यांनी बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायला लावली. वायरी धड होत्या. पुडी मात्र दुसऱ्या दिवशी नव्हती. उंदराला व्यसन लागलं असावं. सासऱ्यांनी फोनवरून फर्मावलं, "जावईबापू, बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा." ठेवली. दिवे गेले! ते चौकापर्यंत गेले, तिथून परत आले. शिवाय घड्याळात बारा वाजले ते वेगळेच.

"अहो, ब्रेक लागतात ना?" बायको म्हणाली. "मग त्या दिव्यांवर चिकटपट्टी लावा."

ती निम्मी बरोबर होती. एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक लागतातच. पिवळ्याच्या सोबतीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी तिथेच बाजूला घ्यायची, चिकटपट्टी शोधायची नाही. एरवी फक्त एक मदतनीस रजेवर जातो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात कितीतरी वेळा सोडणारा आणि पुन्हा धरणारा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. माझा रजेवर आहे हे मला पहिल्या पावसात नीट समजलं. पुढची रिक्षा स्वतःलाही न कळवता उजवीकडे वळली, मी ब्रेकवर उभा राहिलो, चाकं थांबली, गाडी थांबेना. वीतभर अंतर उरलं. रिक्षावाल्याने माझ्या तीन पिढ्यांची आस्थेने चौकशी केली. घरी आल्यावर चिकटपट्टी कपाटात ठेवून दिली.

मग मी शास्त्राकडे वळलो. गाडीतले दोष वाचणारं सातशे रुपयांचं एक यंत्र मागवलं, स्टिअरिंगखाली खोचलं आणि मोबाइलवर पाहिलं: 'कोणताही दोष नाही.' दोन दिवे समोर लागलेले असताना! ही स्वस्तातली यंत्रं बहुतेक इंजिनाशीच बोलतात, ब्रेकच्या कॉम्प्युटरशी त्यांची ओळखच नसते, हे नंतर कळलं. दुसऱ्या एका दुकानात मोठा स्कॅनर होता. पाचशे रुपये घेऊन त्याने सी ००३५ असा कोड काढला. पुढचं डावं चाक. "चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेला," दुकानदार म्हणाला. अठ्ठावीसशेचा नवा सेन्सर बसला. चौक आला. दिवे आले.

अखेर एका मित्राने नाना पेठेत चाचांकडे पाठवलं. चाचांनी आधी विचारलं, "लाईट चालू करताना येते की चालताना?" चार लोकांनी माझ्याकडे संशयाने पाहण्याचं जे कारण होतं, तोच यांचा पहिला प्रश्न. त्यांनी स्कॅनर लावला, मला गाडी चालवायला सांगितली आणि शेजारी बसून चारही चाकांचा वेग वाचू लागले. वीस, वीस, वीस, शून्य.

"तीन चाकं कामाला निघालीत. चौथं घरीच बसलंय."

ट्रॅक्शनचा दिवाही का, तेही तेव्हाच समजलं. चाक घसरतंय का हे त्यालाही त्याच चार आकड्यांवरून कळतं. चूल एकच, उपास दोघांना.

"बेअरिंग कधी बदललं?"

मी मिस्त्रीचा लोखंड आणि करंटचा सिद्धान्त सांगितला. चाचा काही बोलले नाहीत. चाक उतरवलं, बेअरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलं आणि फडक्याने पुसून त्याच्या एका बाजूवर लोखंडाचा कीस भुरभुरला. कीस घसरून पडला. बेअरिंग उलटं करून पुन्हा भुरभुरला. या बाजूला बारीक बारीक आडव्या रेघांची गोल रांगोळी उमटली! त्या बाजूच्या काळ्या पट्टीत उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे चुंबक ओळीने भरलेले असतात. त्या रेघा समोरून जाताना सेन्सर मोजतो, तोच चाकाचा वेग. आमच्या मिस्त्रीने रांगोळीची बाजू रस्त्याकडे आणि कोरी बाजू सेन्सरकडे बसवली होती. बिचारा सेन्सर, जुना आणि नवा दोन्ही, समोरच्या कोऱ्या पाटीवर काय वाचणार? तार शाबूत, वीज शाबूत, म्हणून चावी फिरवताना तक्रार नाही. चाक फिरूनही आकडा येईना, की दिवा.

काढताना मार बसल्याने ते बेअरिंग पुन्हा वापरता येत नव्हतं. आणखी एक नवं आलं. येताना चौक ओलांडला, मग पुढचा, मग उगाचच स्वारगेटला वळसा घालून आलो. दिवे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते काढलेलं बेअरिंग पिशवीत घालून मी मिस्त्रीकडे गेलो. काय काय बोलायचं याची रात्रभर तालीम झाली होती. टेबलावर बेअरिंग ठेवलं, कीस भुरभुरून दाखवला, उलटसुलट करून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं, बेअरिंग बोटावर घेऊन एकदा गर्रकन फिरवलं.

"उलटं तर उलटं," तो म्हणाला, "पण साहेब, आवाज गेला होता ना?"

गेला होता.

"मग? चहा सांगू?"