निमंत्रणाचं पत्र कुणी पाहिलंय?

कथा ऐकायला छान आहे, म्हणून दर काही महिन्यांनी ती पुन्हा फिरत येते. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल संघ (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) अजिंक्य राहिला. ऑरेंज बाऊल (मोसम संपल्यावर निमंत्रित संघांत होणारा मोठा सामना; अशा सामन्यांना बाऊल म्हणतात) याच्या आयोजकांनी पत्र पाठवलं : दोन काळे खेळाडू घरी ठेवा आणि या. संघाने साफ नकार दिला, त्याची शिक्षा म्हणून संघच बंद पडला आणि त्या पोरांची नावं कायमची पुसली गेली.

अजिंक्य राहिले हे खरं. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या डॉन्सने (हे या विद्यापीठाच्या संघाचं नाव) नऊपैकी नऊ सामने जिंकले. ते दोन काळे खेळाडूही खरेच : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनने त्या मोसमात १,५६६ यार्ड धावून देशात पहिला नंबर काढला.

आता ते पत्र. बाऊलला पात्रता फेरी नसे. आयोजकांची समिती आपल्या मर्जीने संघ बोलवायची. सांगणाऱ्यागणिक या कथेतला बाऊल बदलतो : कधी ऑरेंज, कधी शुगर, कधी गेटर. दोघांना सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता, हे संघातले गोरे खेळाडू आयुष्यभर सांगत राहिले आणि त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण अट घालणारं पत्र यायची गरज तरी काय होती? न बोलावणं पुरेसं होतं. १ जानेवारी १९५२ ला ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले, दोन्ही वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेतले. त्याच जॉर्जिया टेकने काळा खेळाडू असलेल्या पिट्सबर्गविरुद्ध १९५६ च्या शुगर बाऊलमध्ये उतरू नये, म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी आकांडतांडव केलं होतं. एका दुष्ट पत्रावर सगळं ढकललं की ही अख्खी वहिवाट सुटते.

आणि 'तेव्हा दक्षिणेत दुसरं काही शक्यच नव्हतं' ही सबब चालत नाही. दक्षिणेतल्याच डॅलसच्या कॉटन बाऊलमध्ये १९४८ सालीच पेन स्टेटचे वॉलेस ट्रिपलेट आणि डेनिस हॉगर्ड हे काळे खेळाडू खेळले होते.

समित्यांकडे एक आयतं कारणही होतं, ते लपवू नये. डॉन्सचे प्रतिस्पर्धी फार तगडे नव्हते : सॅन होजे स्टेट दोनदा, शिवाय लष्करी तळांचे दोन संघ. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या संघांच्या शेवटच्या क्रमवारीत ते चौदावे होते. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमला ३२-२६ ने हरवलं, तो त्यातल्या त्यात नाव घेण्याजोगा सामना.

'शिक्षा म्हणून संघ बंद' हे तर सरळ चूक. कारण होतं पैशाचं. आक्रमणाला वेगळे आणि बचावाला वेगळे गडी ठेवायची पद्धत आल्यापासून खर्च फुगला होता. त्यात त्याच शहरात, त्याच केझार मैदानावर फोर्टी नायनर्स हा व्यावसायिक संघ प्रेक्षक खेचत होता. शेजारच्या सेंट मेरीजने वर्षभर आधीच खेळ सोडला होता. डॉन्सने मोसमातला शेवटचा सामना ज्यांच्याशी जिंकला, त्या लॉस एंजलिसच्या लोयोलानेही १९५१ नंतर संघ गुंडाळला आणि पुढच्याच वर्षी सँटा क्लाराने. या सगळ्यांनी कुणाला बाणेदार नकार दिला होता? बाऊलचे पैसे मिळाले असते तर डॉन्स आणखी थोडे तगले असते, एवढं फार तर म्हणता येईल.

नावं पुसली गेली म्हणे! मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर असे एकाच कॉलेज संघातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याची दोन पदकंही आणली. टोलरचा गुडघा त्याच वर्षी गेला, खेळ संपला. १९६५ मध्ये तो एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला काळा पंच झाला. तेव्हा लीगचा आयुक्त होता पीट रोझेल, म्हणजे १९५१ मध्ये याच डॉन्सच्या बातम्या छापून आणण्यासाठी धडपडणारा विद्यापीठाचा प्रसिद्धी अधिकारी.