कार्टून लावून ठेवल्याने कान तयार होत नाही

पालकांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय, मला तो महिन्याभरात तिघांनी पाठवला. लहान मुलांना इंग्रजी ऐकायला शिकवावं लागत नाही, घरी रोज तासभर इंग्रजी कार्टून लावा, कानावर पडून भाषा आपोआप येते, असं त्यात म्हटलंय. शाळेत डबा, भाजी, पाऊस असल्या विषयांवर तास घालवणं म्हणजे वेळ फुकट, कारण ते मुलांना आधीच ठाऊक असतं. आणि मूल इंग्रजीत बोलत नसेल, तर शिकवण्याची पद्धतच चुकली असं समजा.

मी मराठी माध्यमाच्या पहिली-दुसरीला बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच उत्तर देते.

आधी कार्टून. 2003 साली सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा प्रत्यक्ष खेळली, बोलली. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता आले ते माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना. पडद्यापुढच्या बाळांना त्याचा काहीच फायदा झाला नाही. ती तान्ही बाळं होती, सहा-सात वर्षांच्या मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. कार्टूनमधून मोठी मुलं शब्द उचलतात, हेही मी पाहिलंय. पण कार्टूनमध्ये चित्रच सगळं सांगून जातं. मांजर पळालं, भांडं पडलं, मूल हसलं. यात वाक्य ऐकायची गरज पडली कुठे? शेजारी बसून ‘आता ती काय म्हणाली?’ एवढं विचारणारं कुणी असेल, तर गोष्ट वेगळी.

आता ‘ते मुलांना आधीच ठाऊक असतं’ हा मुद्दा. माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथे आहे.

दुसरीत डब्याचा तास चालला होता. टेबलावर ताटली, पेला, चमचा आणि कागदाची पोळी. मी म्हटलं, ‘पुट द स्पून नेक्स्ट टू द ग्लास.’ एक मुलगी झटकन उठली आणि तिने चमचा पेल्यात उभा केला. चेहऱ्यावर पूर्ण खात्री. ‘स्पून’ आणि ‘ग्लास’ तिने बरोबर ऐकले होते आणि मधली जागा अंदाजाने भरली होती.

ती बेसावध नव्हती. मराठीत आपण पेल्यात, पेल्याजवळ, पेल्याखाली म्हणतो, म्हणजे वस्तू कुठे ठेवायची ते नामाच्या शेपटाला कळतं. सहा-सात वर्षं तिचा कान तिथेच लक्ष ठेवायला शिकलेला. इंग्रजीत ते नामाच्या आधीच सांगून झालेलं असतं, आणि तेही घाईत. मराठी बोलताना आपण अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत मोठ्या शब्दांवर जोर येतो आणि बारके शब्द त्यांच्यामध्ये चेंगरतात. वहीत सुटं लिहिलेलं ‘पुट इट ऑन द प्लेट’ बोलताना ‘पुटिटॉन्द प्लेट’ होतं. यातला ‘ऑन’ वेगळा काढणं हे शिकवण्याचंच काम आहे. नुसतं ‘नीट लक्ष दे’ म्हणून ते जमत नाही.

विषय ज्वालामुखीचा असता, तर तिला शब्द कळला नाही की ती वस्तूच माहीत नाही, हे मला ओळखता आलं नसतं. डबा तिच्या ओळखीचा होता, म्हणून नेमकं काय निसटलं ते टेबलावर दिसलं.

त्यानंतर मी मुद्दाम विचित्र सूचना द्यायला लागले. चमचा ताटलीखाली, पोळी पेल्यावर. वस्तू रोजच्या, जागा भलत्याच. तिथे अंदाज कामाला येत नाही, ऐकावंच लागतं. मुलं खदखदून हसायची. तिसऱ्या आठवड्यात तीच मुलगी चमचा हातात धरून थांबली, ‘अंडर’ असं पुटपुटली, आणि मग तिने ताटली उचलली.

या सगळ्यात ती इंग्रजीत मोजून चार शब्द बोलली असेल. संदेशाच्या हिशेबाने ती नापास. पण तिने उत्तर हाताने दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात शिकवण्याची एक पद्धतच यावर उभी केली. त्यात शिकणाऱ्याने सूचना ऐकून कृती करायची, बोलणं सावकाश येऊ द्यायचं. आपल्याकडे 2000पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पाहुण्यांसमोर पोराला ‘इंग्रजीत बोलून दाखव’ म्हणायची सवय जात नाही. कृपा करून ते थांबवा. मूल ऐकत असताना गप्पच असतं.

एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘बाई, मला इंग्रजी येत नाही, मी घरी काय करू?’ मी म्हटलं, मराठीतच करा. दुधाची पिशवी खालच्या कप्प्यात, दह्याच्या मागे ठेव, असं एकदाच सांगा. बोट दाखवू नका, पुन्हा सांगू नका. चुकली तर पिशवी बाहेर काढा आणि तिला विचारा, मी काय म्हटलं होतं? आठवड्याने ते सांगायला आले, की आता तीच त्यांना सूचना देते आणि ते चुकतात.